प्रश्न तुमचे, उत्तरं प्रोग्रामरची

दादा, मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआय सगळा कोड लिहून देतंय, मग प्रोग्रामिंग शिकून उपयोग काय?

शीक, आणि मन लावून शीक. एआयकडून कोड घे की, मीपण रोज घेतो, पण कोड लिहून होणं वेगळं, तो खऱ्या लोकांच्या हातात चालणं वेगळं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी त्यात बदल केल्यावरही तो चालणं आणखी वेगळं, आणि पगार मिळतो तो या शेवटच्या दोन गोष्टींचा. एआयने दिलेली ओळ तिथे का आहे हे शेजारी बसलेल्या मित्राला तोंडी सांगता येत नसेल तर ती ओळ सबमिट करू नको.

अजून एक. ही एआयची मॉडेल्स एवढी शहाणी झाली ती लोकांनी उघड्यावर लिहून ठेवलेल्या गोष्टी वाचून. २००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची वेबसाइट सुरू केली, तिथे आणि तशा कितीतरी ठिकाणी माणसांनी वर्षानुवर्षं एक पैसा न घेता उत्तरं लिहिली. आता तू चॅटमध्ये विचारतोस, उत्तर मिळतं, विंडो बंद, आणि उद्या तिथेच अडणाऱ्या पोराच्या हाती काहीच लागत नाही. त्यामुळे अडलेलं सुटलं की चार ओळी सगळ्यांना दिसतील अशा लिहून ठेव, मराठीत लिहिल्यास तर फारच छान.

एका प्रोग्रामिंग ग्रुपवर प्रश्न विचारला तर "आधी गुगल करून ये" म्हणून सगळ्यांसमोर झापलं. आता विचारायची इच्छाच मेली. (नाशिक)

झापणाऱ्याचं चुकलंच, त्यात दुमत नाही. तुम्ही पुढच्या वेळी एवढंच करा: काय करायचं होतं, काय केलं, एररचा मेसेज जसाच्या तसा (स्क्रीनचा फोटो नको, टेक्स्ट टाका) आणि आधी काय काय करून बघितलं. एवढं देऊनही कुणी अंगावर आलं तर खुशाल ग्रुप सोडा, पण विचारणं सोडू नका.

मी चिपळूणचा निवृत्त शिक्षक. पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेले मराठी लेख नव्या कॉम्प्युटरवर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. लेख गेले का?

नाही सर, सगळे शाबूत आहेत. तेव्हाचे कृतीदेवसारखे फॉन्ट फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवायचे आणि स्क्रीनवर त्यांच्या जागी मराठी चित्रं दाखवायचे. कृतीदेवमध्ये "मराठी" लिहिलं की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच एवढंच असतं, फॉन्ट नसला की तेच उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, क चा २३२५, म्हणून आता हे होत नाही. मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवा, फॉन्ट कुठला ते शोधा, त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा आणि मग जोडाक्षरं नि "ऱ्या" नजरेखालून घाला, कन्व्हर्टर तिथेच जास्त गडबड करतात.

माझे मिस्टर ऑफिसनंतर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कसल्यातरी ओपन सोर्सचं काम करतात. पैसे शून्य, वर लोक शिव्या घालतात. ह्याला काय अर्थ आहे? (ठाणे)

ताई, ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतात असं सॉफ्टवेअर. त्या कामाला अर्थ खूप मोठा आहे आणि तुमची काळजीही तितकीच खरी आहे. फाइल लहान करणारी एक्सझेड नावाची एक गोष्ट आहे, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर जवळपास सगळीकडे असते. ती लासे कॉलिन नावाचा माणूस वर्षानुवर्षं फुकट सांभाळत होता. २०२२ मध्ये काही ऑनलाइन खात्यांवरून त्याच्यामागे तगादा लागला, काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी घ्या. त्याने सरळ लिहिलं की माझी मानसिक तब्येत बरी नसते आणि हा बिनपगारी छंद आहे. मदतीला जिया टॅन नावाने कुणीतरी होतंच, ते गोड बोलून, खरंखुरं काम करून विश्वास मिळवत गेलं, आणि २०२४ मध्ये त्याच नावाने त्यात चोरदरवाजा, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप शिरायची वाट, बसवला. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत तो पोचलासुद्धा.

पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरने. रिमोट लॉगिनला, म्हणजे दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला, नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं, तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीरपणे मांडलं. अर्धा सेकंद! आपण कुणी लक्षही दिलं नसतं. इतक्या आपुलकीने यंत्राकडे बघणारी माणसं आहेत म्हणून आपले सर्व्हर उभे आहेत, आणि तुमचे मिस्टर त्यातलेच आहेत, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पण दोन वाजेपर्यंतचं जागरण मला अजिबात मान्य नाही. त्यांना प्रोजेक्टच्या पानावर स्पष्ट लिहायला सांगा की उत्तरं शनिवार-रविवारीच मिळतील. शिव्या घालणाऱ्याला एकदा समज, मग ब्लॉक, त्यात संकोच करायचा नाही. कंपन्या ते वापरत असतील तर पैसे मागू देत, गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर स्पॉन्सरशिपची सोय आहे. आणि जोडीला दुसरा माणूस तयार करायचा असेल तर सावकाश करा म्हणावं, दमलोय म्हणून घाईघाईत कुणाच्याही हातात किल्ल्या द्यायच्या नाहीत.