7 आठवडे झालेत, हे मूल नको आहे. गोळ्या घेऊ की क्युरेटिंग करून घेऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की पदरात दीड वर्षाचं बाळ आहे, निरोध वापरूनही दिवस राहिले, हिमोग्लोबिन 9 आहे आणि नवरा नोकरीसाठी परगावी. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले, पण क्युरेटिंगचं नाव काढलं की तुमच्या पोटात गोळा येतो. मी सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात परिचारिका होते. टेबलावर हात घट्ट धरून ठेवणाऱ्या खूप बायका पाहिल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सहीचं सांगते, कारण याच एका गोष्टीसाठी बायका आठवडेच्या आठवडे घालवतात. तुम्ही 18 वर्षांच्या वर आहात, तेव्हा सही फक्त तुमची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. काही दवाखाने मागतात, पण कायद्यात तशी अट नाही. आपला गर्भपाताचा कायदा 1971 चा. ज्या समितीच्या शिफारशींवरून तो आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचेच मंत्री होते. गर्भनिरोधक साधन फसणं हे कारण त्यात मान्य आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी लग्न झालेलं असण्याचीही अट उरलेली नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. तुमची कागदपत्रं बंद पाकिटात गोपनीय ठेवायची असतात आणि ऑपरेशनच्या रजिस्टरमध्ये नावाऐवजी क्रमांक लिहायचा असतो. दवाखान्याच्या भिंतीवर पाटी असते ती गर्भलिंग तपासणीच्या गुन्ह्याची. ती वाचून गर्भपातच बेकायदेशीर आहे असं समजून परत फिरलेल्या बायका मला माहीत आहेत, आणि त्यातल्या काही पुढे फार उशिरा आल्या. तुम्ही तसं करू नका.

आता भीतीचं. आई-मावशीकडून ऐकलेलं क्युरेटिंग म्हणजे धातूच्या हत्यारानं गर्भाशयाची पिशवी आतून खरवडणं. ती पद्धत वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. 12 आठवड्यांच्या आत आता सक्शन करतात. गर्भाशयाच्या तोंडाशी भुलीचं इंजेक्शन देतात, काही मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी आत सरकवतात आणि तिला जोडलेल्या मोठ्या सिरिंजनं आतलं ओढून घेतात. कुठे चिरा नाही, टाका नाही. सिरिंज हातानं चालते, वीज लागत नाही, म्हणून साध्या ग्रामीण रुग्णालयातही हे होऊ शकतं. प्रत्यक्ष काम पाच ते दहा मिनिटांचं. दुखतं का? हो, दुखतं. पाळीत येतात तशा कळा येतात आणि शेवटी पिशवी आखडते तेव्हा दोनेक मिनिटं जोराच्या येतात. मग उतरतात. तासा-दोन तासांनी बायका चालत घरी जातात. काही खासगी दवाखाने थोडा वेळ पूर्ण भूल देतात. तसं असेल तर उपाशीपोटी जावं लागतं, म्हणून आदल्या दिवशीच विचारून घ्या.

एक गोष्ट आम्ही कधी चुकवायचो नाही. बाहेर आलेलं पाण्यात धुऊन उजेडात बघायचं. गर्भाभोवतीचं आवरण पूर्ण बाहेर आलं की नाही ते तिथेच कळतं. काहीच दिसलं नाही तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत असल्याची शंका घेऊन लगेच पुढच्या तपासण्या करता येतात. गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही, आणि दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेणाऱ्या बाईचा जीव तिथेच धोक्यात येतो. सोनोग्राफी करा, रक्तगट तपासा, निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

गोळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आपल्याकडे 9 आठवड्यांपर्यंत त्या देता येतात, आणि ज्यांना टेबलावर झोपायचंच नाही त्यांच्यासाठी चांगल्या आहेत. पण रक्तस्राव घरी होतो, पहिल्या दिवशी पाळीपेक्षा बराच जास्त, आणि नंतर थोडं थोडं अंगावर जाणं दहा-पंधरा दिवस चालतं. शंभरातल्या काही जणींची पिशवी पूर्ण मोकळी होत नाही आणि शेवटी सक्शन करावंच लागतं. तुमचं हिमोग्लोबिन 9, घरात रांगतं-धावतं मूल, रात्री सोबत कोणी नाही. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला सक्शनच सांगितलं असतं. एका फेरीत काम होतं आणि रक्त कमी जातं. निर्णय मात्र तुमचाच.

पुढे मूल होण्याबद्दलची काळजी तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलीत. नीट झालेल्या सक्शननं पुढच्या गरोदरपणात अडचण येत नाही. पिशवीला इजा होणं, संसर्ग होणं, काही भाग आत राहणं हे धोके आहेत, पण प्रशिक्षित हातात आणि इतक्या लवकरच्या दिवसांत ते फार क्वचित होतात. आठवडे वाढतात तसे तेही वाढतात. मान्यताप्राप्त केंद्रातच जा आणि 'सक्शननं करता ना?' असं स्पष्ट विचारा. सरकारी रुग्णालयात खर्च पडत नाही.

हवी असेल तर कॉपर टी त्याच वेळी बसवता येते, कारण पंधरा दिवसांच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात. पण कॉपर टी किंवा नसबंदी केली तरच गर्भपात करू, असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे, नाही म्हणा. नंतर सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप आला, घाण वासाचा स्राव जाऊ लागला किंवा पोटदुखी वाढतच गेली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा. बाळाला दूध पाजत असाल तर तेही डॉक्टरांना सांगून ठेवा, म्हणजे औषधं त्याप्रमाणे देतील. पाजणं थांबवावं लागत नाही.