वाचक विचारतात : बुलबुल नेमका कोणता?

प्रश्न : फारसी काव्यात गुलाबावर जीव टाकणारा बुलबुल आणि कुंपणावर येऊन बसणारा आपला बुलबुल हा एकच पक्षी आहे का? या नावाचा मूळ अर्थ काय?

उत्तर : नाव एकच असले, तरी पक्षी दोन आहेत, आणि ते एकमेकांचे जवळचे नातेवाईकही नाहीत. ‘बुलबुल’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. तो ध्वनीवरून घडलेला आहे. एकच अक्षरजोडी दोनदा उच्चारून पक्ष्याच्या गळ्यातली लकेर त्यात धरली आहे, त्यामुळे त्याचा वेगळा अर्थ शोधण्याचे कारण नाही. आपली ‘टिटवी’ही अशीच आवाजातून जन्मली.

फारसी कवींचा बुलबुल म्हणजे इंग्रजीतला नाइटिंगेल. हा साध्या तपकिरी रंगाचा पक्षी रात्रीही गातो, युरोपात व पश्चिम आशियात वीण करतो आणि हिवाळ्यात आफ्रिकेत जातो. भारतात हे नाव रुळले, ते मात्र येथल्याच एका निराळ्या कुळातील पक्ष्यांसाठी. इंग्रजीनेही पुढे ते याच कुळासाठी उचलले. सरोजिनी नायडू यांना इंग्रजीत ‘नाइटिंगेल ऑफ इंडिया’ म्हणत. मराठीत त्या ‘भारतकोकिळा’ झाल्या. हा बदल मला फार योग्य वाटतो, कारण गाण्याचा मान आपल्या भाषेत कोकिळेचाच आहे.

आपला नेहमीचा बुलबुल म्हणजे लालबुड्या. डोके काळे, त्यावर आखूड तुरा, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी, आणि तो पुढे वाकला की शेपटीखाली दिसणारा कुंकवासारखा लाल ठिपका. मराठी नाव याच ठिपक्यावरून पडले असून ते पाहताक्षणी पटते. शास्त्रीय नाव तितके नेमके नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६६ मध्ये या पक्ष्याला ‘कॅफर’ हे जातिनाम दिले, ते तो दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांतातला आहे अशा चुकीच्या समजुतीतून. तेथे हा पक्षी मुळात आढळत नाही. पण नामकरणाच्या नियमांनुसार आधी दिलेले नाव केवळ अर्थ चुकला म्हणून बदलता येत नाही, म्हणून ‘पिक्नोनोटस कॅफर’ आजही कायम आहे.

‘बुलबुलतरंग’ या वाद्याच्या नावात मात्र बुलबुल शब्दाचा गाण्याशी असलेला जुना संबंध टिकून राहिला आहे.