डबस्टेप बदलले, की बिघडले?

प्रश्न : गेली वीस वर्षे मी डबस्टेप हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत ऐकतो, पण हल्ली त्या नावाखाली नुसता कर्कश गोंगाट कानी पडतो. माझ्या भाच्याला मात्र तेच खरे डबस्टेप वाटते. चूक कोणाची?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपली खंत मला मनापासून पटते, तरी भाच्याला दोष देता येणार नाही. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दक्षिण लंडनमधील क्रॉयडन परिसरात, गराज या ब्रिटिश क्लबमधल्या नृत्यसंगीतातून हा प्रकार आकाराला आला. मिनिटाला सुमारे 140 ठोके असूनही स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक आघात, बहुधा चारांपैकी तिसऱ्या ठोक्यावरच पडत असल्याने त्याची चाल विलंबित भासे, आणि 40 ते 60 हर्ट्झचा खर्ज कानांआधी छातीत जाणवे. लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरमधून मात्र हा खर्ज जवळजवळ निघतच नाही. 2010च्या आसपास, विशेषतः अमेरिकेत, बासचा, म्हणजे या खर्जाचा, जोर मधल्या पट्टीत आणून त्याला करकरीत धार दिली गेली, त्यामुळे तो महोत्सवाच्या मैदानात आणि साध्या यंत्रावरही ठसठशीत ऐकू येऊ लागला. जुन्या रसिकांनी त्याला ‘ब्रोस्टेप’ म्हणून हिणवले. त्यांच्या रागात तथ्य होते, कारण दोन ठोक्यांमधली जी शांतता या संगीताचा प्राण होती, तीच आक्रसली. पण संगीत बदलतच असते : धृपदाला राजाश्रय देणाऱ्या मानसिंह तोमरांच्या आपल्या शहरातच पुढे ख्यालाचे घराणे बहरले, हेही आपण जाणताच. भाच्याला चांगल्या हेडफोनवर 2006च्या सुमाराची एखादी रचना अखेरपर्यंत ऐकवा, आणि त्याच्या आवडीची एक आपणही तितक्याच निवांतपणे ऐका.