ग्रहाला किंवा यानाला जरासा धक्का बसला तर ते कक्षेतून पडत का नाही?

कक्षेत राहायला वेग अगदी काट्यावर तोललेला असावा लागतो, हा समज चुकीचा आहे. तो थोडा कमी-जास्त झाला तरी कक्षा मोडत नाही, तिचा आकार बदलतो. समजा ग्रहाचा वेग किंचित घटला. तो सूर्याकडे झुकतो, पण जवळ येता येता त्याचा वेग वाढत जातो, कारण कोनीय संवेग (ढोबळमानाने, सूर्यापासूनचं अंतर आणि आडवा वेग यांचा गुणाकार) कायम राहतो. त्या वाढलेल्या वेगामुळे तो सूर्याला वळसा घालून पुन्हा मूळ अंतरापर्यंत दूर जातो. वर्तुळाचं लंबवर्तुळ झालं, इतकंच. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं म्हणून हे साधतं. ते घनाच्या व्यस्त प्रमाणात घटत असतं, तर एवढ्याशा धक्क्याने वर्तुळाकार कक्षेतला ग्रह एकतर सूर्यात कोसळला असता, नाहीतर कायमचा निघून गेला असता. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

यानांना मात्र इतर अडचणी असतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवर, सेकंदाला ७.७ किमी वेगाने फिरतं. तिथल्या विरळ हवेचं घर्षण त्याची ऊर्जा खात राहतं, म्हणून अधूनमधून इंजिन चालवून उंची वाढवावी लागते. चंद्राला तर हवा जवळपास नाहीच, तरी त्याच्या अगदी खालच्या बहुतेक कक्षा टिकत नाहीत: त्याच्या पोटात वस्तुमान सारखं पसरलेलं नाही आणि ती असमान ओढ कक्षा बिघडवत जाते.