तिला समजवा म्हणता, पण मी नाही समजवणार

सांगलीहून एका वडलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, गणितात चांगली, तिला इकॉनॉमिक्स घेऊन पुढे मॉनेटरी इकॉनॉमिक्स (म्हणजे पैसा आणि व्याजदरांचं अर्थशास्त्र) आणि फायनान्स करायचंय. वडलांना हवंय सीए. "आर्ट्सला जाऊन आमचं नाव घालवेल, तुम्हीच समजवा तिला."

दादा, मी नाही समजवणार. पत्रभर आम्ही ठरवलंय, आम्हाला वाटतं, पाहुणे काय म्हणतील, एवढंच आहे, तिच्या मार्कांपेक्षा मला याचीच काळजी वाटली. आणि मधेच तक्रार म्हणून लिहिलंत की पोरगी सारखी विचारते, रेपो रेट कमी झाला तरी आपल्या घराचा हप्ता का उतरत नाही? अहो, रेपो रेट म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, आणि हा वायफळ प्रश्न नाहीये, रिझर्व्ह बँकेतली माणसं यावर शोधनिबंध लिहितात! तुमचं कर्ज २०१७ चं म्हणजे बहुतेक एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या आतल्या दरावर असणार, त्यात बँक ठेवींवर स्वतः किती व्याज देते ते धरून दर ठरतो, त्यामुळे रेपोची कपात उशिरा आणि अर्धवट पोचते. म्हणून तर ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायला लावली. बँकेत विचारा कर्ज तिकडे वळवता येतं का, फी किती, आणि जाताना तिला सोबत न्या.

आता ते 'आर्ट्स'. इकॉनॉमिक्स म्हणजे पाठांतर, गणितातून सुटका, हे डोक्यातून काढा. मास्टर्सला कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवर अर्थशास्त्र तपासून बघणं) सगळं अंगावर येतं आणि गणित सोडून आलेली हुशार मुलंही तिथे अडकतात. तिचं गणित हीच तिची पुंजी आहे, बीए करो की बीएस्सी, ते सुटू देऊ नका. आणि नाव घालवण्याचं म्हणाल तर बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डीएस्सी केली ती रुपयाच्याच प्रश्नावर, १९२३ मध्ये.

पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठ, मास्टर्सला गोरेगावची आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था), पुढे रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकारी किंवा केंद्र सरकारची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, रस्ते आहेत. पण नुसत्या पदवीवर फार काही हाती लागत नाही, मास्टर्स धरूनच चाला, म्हणजे पाच वर्षांच्या खर्चाचं आत्ताच बोलून घ्या. सीए वाईट नाही हो, पण ते तिने मागितलेलं नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवायच्या आधी वाचायला मागू नका.