पुणेकर सगळेच, पुणेरी कोण?

एका वाचकाचे दोन प्रश्न आले आहेत. पहिला असा: ‘प्रत्येक शहराचं एक कॅरेक्टर असतं’ हे वाक्य मराठीत नीट कसं लिहायचं? ‘व्यक्तिमत्त्व’ लिहिलं तर शाळेतल्या निबंधासारखं वाटतं, ‘स्पिरिट’ आणि ‘व्हाइब’ तर नकोतच. दुसरा प्रश्न: पुणेकर आणि पुणेरी यांत फरक काय, आणि तसा जोड शब्द मुंबईला का नाही?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

‘कर’ हा प्रत्यय राहण्याचा आहे. जो तिथला तो तिथला‘कर’, मग त्याचा स्वभाव कसाही असो. आडनावांतही हेच झालं. गाव सुटून चार पिढ्या गेल्या तरी मिरजकर मिरजकरच राहतो. वर्तमानपत्रांना हा प्रत्यय फार प्रिय आहे: पुणेकर गारठले, नागपूरकर घामाघूम, मुंबईकरांचे हाल. हवामानाच्या बातमीत माणसाच्या स्वभावाला काही काम नसतं, म्हणून तिथे ‘कर’ अगदी चपखल बसतो. ‘पुणेरी गारठले’ असं कुणी लिहिणार नाही.

‘ई’ किंवा ‘री’ लागून जो शब्द होतो तो मुळात मालाचा. पुणेरी पगडी, पुणेरी जोडा, सोलापुरी चादर, नागपुरी संत्री, कोल्हापुरी चप्पल, कोल्हापुरी साज. वस्तू कुठली आणि कशा घाटाची, हे तो सांगतो. आणि घाटाला गावाची वेस नसते. कोल्हापुरी चपलेचंच पाहा. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत शिवलेली चप्पलही कोल्हापुरीच असते. अथणीचा कारागीर मात्र त्यामुळे कोल्हापूरकर होत नाही.

माणसांच्या बाबतीतही हा फरक तसाच्या तसा टिकला आहे. लातूरहून शिकायला आलेला मुलगा पुण्यात घर घेऊन राहिला की पुणेकर झाला, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पुणेरी मात्र त्याला दुसऱ्यांनी म्हणावं लागतं. उलट ठाण्यात जन्म काढलेल्या गृहस्थांनी जिन्यात ‘बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही’ अशी पाटी लावली, तर शेजारी त्यांना बिनदिक्कत पुणेरी म्हणतात. पुणेकर ही वस्ती आहे आणि पुणेरी ही तऱ्हा आहे.

आता गंमत अशी की मालाचं विशेषण स्वभावाला चिकटणं हे मोजक्याच शहरांच्या वाट्याला आलं. सोलापुरी म्हटलं की चादरीपुढे गाडी सहसा जात नाही. नागपुरी संत्र्यापाशी थांबतं. नागपूरच्या माणसाचा मोकळेपणा सांगायचा तर लोक ‘वऱ्हाडी’ म्हणून मोकळे होतात, आणि तिथे खरा नागपूरकर हटकतो. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम. नागपूर त्यात नाही. बाहेरच्याला तो सूर एकच वाटतो, पण आतल्या माणसाला ही सरमिसळ खटकते, आणि त्याचं खटकणं बरोबर आहे.

पुणेरी आणि कोल्हापुरी हे दोन शब्द मात्र पुरते माणसाळले. त्यांतही फरक आहे. ‘पुणेरी’ हा आधी बाहेरच्यांनी मारलेला टोमणा. पुणेकरांनी तो उचलला, झटकला आणि अंगावर मिरवायला घेतला. आज पुणेरी पाट्यांची सगळ्यात जास्त हौस पुण्यातच आहे. कोल्हापूरचं तसं नाही. तिथे शब्द पहिल्यापासून घरचाच. ‘जगात भारी कोल्हापुरी’ या घोषणेत ‘कोल्हापूरकर’ का नाही? यमक जुळत नाही हे उघडच आहे, पण तेवढंच कारण नसावं. ‘कोल्हापूरकर’ म्हटलं असतं तर फक्त माणसं भारी ठरली असती. ‘कोल्हापुरी’त माणूस, फेटा, चप्पल, कुस्ती, बोली, सगळंच एका झटक्यात भारी ठरतं. (जाता जाता: कोल्हापूरकर मधला ‘पू’ दीर्घ, कोल्हापुरी मधला ‘पु’ ऱ्हस्व. दुकानांच्या फलकांवर ‘कोल्हापूरी’ इतकं दिसतं की बरोबर लिहिलेलंच चुकीचं वाटायला लागलं आहे.)

मग मुंबई? तिथे व्याकरणानेच दार लावलं. शब्द आधीच ‘ई’कारान्त, त्याला आणखी ‘ई’ लागायला जागा नाही. सांगली, वसई, डोंबिवली यांचीही तीच गत. सांगलीची हळद म्हणावी लागते, ‘सांगली हळद’ ही बाजारातली काटकसर झाली. ‘मुंबईरी’ म्हणावं, तर ‘पुणेरी’तला ‘री’ सरसकट कुठेही लागत नाही. ठाणे आणि धुळे यांची नावं पुण्यासारखीच ‘ए’कारान्त, पण ठाणेरी, धुळेरी कुणी म्हणत नाही. कानाला पुणेरी बसतो तो सोनेरी, रुपेरी, चंदेरी यांच्या ओळीत. ‘मुंबईया’ आहे, पण तो हिंदीच्या वळणाचा, आणि बहुतेक वेळा भाषेपुरताच.

विशेषण नाही म्हणून मुंबईचा स्वभाव वाक्यात सांगावा लागतो. मुंबईत पोट भरतं, पण पाठ टेकायला जागा मिळत नाही, असं जुनी माणसं सांगतात. एवढ्या एका ओळीत कौतुक आणि तक्रार दोन्ही आली. याच्या शेजारी ‘मुंबई स्पिरिट’ ठेवून पाहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसं गळाभर पाण्यातून चालत घरी गेली आणि पुढच्या दिवसांत पुन्हा कामाला लागली. तेव्हापासून प्रत्येक संकटानंतर हा शब्द बातम्यांत हमखास येतो. लोकल पकडणाऱ्या माणसाच्या तोंडी तो आलाच तर कुत्सितपणे येतो: ‘स्पिरिट कसलं, रजा कापतात म्हणून जातो.’ शहराने स्वतःबद्दल म्हटलेलं आणि शहराबद्दल म्हटलं गेलेलं, यातलं अंतर या एका शब्दात दिसतं.

तोच निकष लावला तर बिरुदं बाजूला पडतात. विद्येचं माहेरघर, कलापूर, कुस्तीपंढरी, तलावांचं शहर, महाराष्ट्राचं मँचेस्टर: ही सत्काराची भाषा, शाल-श्रीफळासोबत येणारी. त्यांना आधार नाही असं नव्हे. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये तिथे ‘सीता स्वयंवर’ केलं म्हणून. पण सांगलीचा माणूस एसटीत शेजाऱ्याला ‘मी नाट्यपंढरीचा’ असं सांगत नाही. शिवाय हे ‘पंढरी’ प्रकरण आता इतकं सैल झालं आहे की लंडनचं लॉर्ड्‌सही मराठी क्रीडा पानावर क्रिकेटची पंढरी असतं. ‘पुणे तिथे काय उणे’ची वाटचाल वेगळी. ती म्हण कौतुकाची. पण आता रस्त्यातल्या खड्ड्यापाशी, नो पार्किंगच्या पाटीखालच्या गाड्यांपाशी ती जास्त ऐकू येते, आणि म्हणणारे बहुधा पुणेकरच असतात.

आता पहिला प्रश्न. रोजच्या बोलण्यात ‘कॅरेक्टर’च्या जागी नाम येतंच असं नाही. ‘आमच्याकडं असलं चालत नाही’ एवढ्या वाक्यात कोल्हापूरकर आपल्या शहराचा सगळा स्वभाव सांगून टाकतो. नाम हवंच असेल तर जवळचे शब्द आहेत, पण प्रत्येकाची जागा वेगळी. बाणा म्हटलं की ताठा आला. नमतं घेणाऱ्या शहराला बाणा नसतो. खाक्या म्हणजे कुणी काही म्हणो, आपल्याच रीतीने चालणं. त्यात किंचित वैताग असतो. चेहरामोहरा हा बाहेरून दिसणारा. उड्डाणपूल झाला की तो बदलतो, स्वभाव बदलत नाही. बाज गाण्याला आणि लिखाणाला शोभतो, शहराला जरा नटवा वाटतो. आत्मा कृपा करून वापरू नका.

मी निवडेन तो शब्द ‘पाणी’. ‘तिथलं पाणीच तसं’ हे प्रत्येक मराठी माणसाने कधी ना कधी म्हटलेलं असतं. पाणी जोखणं, पाणी दाखवणं यांत ते धमक या अर्थी आहेच, आणि ‘पाणी लागणं’ यात शहर माणसात कसं मुरतं तेही आलं. नव्याने आलेला दोन वर्षांत घासाघीस करायला शिकला की म्हणतात, लागलं याला इथलं पाणी. ‘वारं लागणं’ही आहे, पण ते गावाकडची आई मुलाबद्दल म्हणते आणि त्यात नाराजी असते. पाण्यात ती असेलच असं नाही.

तेव्हा तुमचं वाक्य ‘प्रत्येक शहराचं पाणी वेगळं’ एवढंच करा. ‘एक’ आणि ‘असतं’ दोन्ही काढून टाका. फक्त पुढच्या ओळीत ‘या शहराचं पाणी आता बिघडलं आहे’ असं लिहिणार असाल तर जपून, वाचक थेट महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला फोन लावेल.