पणजीची हाडं

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलंस, "पणजी लहानपणी दूध प्यायलीच नाही, मग तिची हाडं एवढी दणकट कशी?" मी गाडी चालवत होते, म्हणून आता लिहिते.

जावळी खोऱ्यातल्या त्यांच्या घरी म्हशी होत्या, पण दूध-तूप मेढ्याच्या बाजारात जायचं. "दूध इकायचं असतंय, प्यायचं न्हाय," असं ती अजून म्हणते. घरात उरायचं ताक. त्यात नाचणीचं पीठ रात्रभर आंबवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात वैरायचं, वर मीठ-लसूण. झाली आंबील. तुझं कॅल्शियम तिथं आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम, तांदळात जेमतेम १०, गाईच्या दुधात १२० च्या आसपास. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, कारण त्यातला फायटेट नावाचा घटक कॅल्शियम धरून ठेवतो. आंबवलं की फायटेट कमी होतं. पणजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला ताक संपवायचं होतं!

उतारावरच्या पातळ मातीत, तसल्या धो-धो पावसात गहू कुठला यायला? नाचणी आणि वरी यायची. नाचणी कणगीत वर्षानुवर्षं किडत नाही. सोबतीला हुलग्याचं माडगं, ओढ्यातले खेकडे आणि पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी. भारंगी कडू, उकडून पाणी फेकल्याशिवाय तोंडात घालवत नाही.

पण "जुनं खाणं म्हणजे औषध" हे मला पटत नाही. आषाढ-श्रावणात कणगी तळाला जायची. बाया सगळ्यांच्या मागून जेवायच्या, तोवर कालवणाचं भांडं खरवडलेलं असायचं. पणजी आपल्याला दिसते कारण ती टिकली. तिच्या बरोबरीच्या कितीजणी बाळंतपणात गेल्या, त्यांची हाडं कोण बघणार?

शिवाय डोक्यावर भारा घेऊन रोज डोंगर चढायचा, तोही उन्हात. हाडांना ओझं लागतं आणि ऊनही. तुझ्या गावात नोव्हेंबरपासून ऊन कसलं! तेव्हा डॉक्टरांनी दिलेली ड जीवनसत्त्वाची गोळी बंद करू नकोस.

दुकानातली ती नाचणीची बिस्किटंही नकोत, मी पाकीट उलटून वाचलं, मैदा आणि साखर आधी, नाचणी नंतर. पीठ पाठवते आहे. पाण्याला आधण आलं की पीठ घाल, झाकून ठेव आणि कोमट असतानाच मळ. गार पाण्यात भिजवलंस तर भाकरी थापताना तुटेल.

तुझी,
आई